व्हिसा रन
परदेशातील मुक्काम लांबवण्यासाठी पर्यटकाने मुदत संपण्याच्या सुमारास सीमेबाहेर जाणे आणि व्हिसामुक्त सवलतीवर किंवा नव्या पर्यटक व्हिसावर लगेच त्याच देशात परतणे, याला ‘व्हिसा रन’ म्हणतात. यातील प्रत्येक प्रवेश सुटा पाहिला तर नियमात बसतो. शंका निर्माण होते ती त्यांच्या मालिकेमुळे. वर्षाचे बहुतेक दिवस एका देशात घालवणारी व्यक्ती खरोखर पर्यटक आहे, की परवान्याविना तेथे राहून काम करीत आहे, असा प्रश्न आप्रवासन अधिकाऱ्यांना पडतो.

व्हिसामाफीमुळे आगाऊ व्हिसा घेण्याची अट तेवढी माफ होते. प्रवेशाची हमी मिळत नाही. परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण, जवळची रक्कम आणि पूर्वीच्या मुक्कामांची नोंद पाहून सीमेवरील अधिकारी दर वेळी नव्याने निर्णय घेतो. ३० दिवसांची सवलत १२ वेळा वापरून वर्ष काढता येईल, हा हिशेब अंकगणितापुरताच खरा आहे. प्रवेश नाकारल्यास प्रवाशाला सामान्यतः परतीच्या विमानाने पाठवले जाते. अनेक देशांच्या व्हिसा अर्जांत अशा नकाराविषयी प्रश्न असतो, त्यामुळे त्याचा परिणाम पुढील प्रवासांवरही होऊ शकतो.

== भारतीय प्रवासी ==
थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश दिला आणि १५ जुलै २०२४ पासून ही मुदत ६० दिवस केली. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियानेही ३० दिवसांची सवलत सुरू केली. तिचा दीर्घ वास्तव्यासाठी वापर होऊ लागल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये थाई आप्रवासन विभागाने सबळ कारणाविना दोनपेक्षा अधिक वेळा व्हिसा रन करणाऱ्यांना प्रवेश नाकारण्याचे जाहीर केले.

शेंगेन क्षेत्रात अधिकाऱ्याच्या अंदाजाला फारसा वाव नाही. तेथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते; मध्ये बाहेर जाऊन आल्याने मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. अल्पकालीन व्हिसावर जाणाऱ्या भारतीयांनाही हीच कमाल मर्यादा लागू आहे.

== भारत आणि गोवा ==
नेपाळ, भूतान व मालदीव यांसारखे मोजके अपवाद वगळता परदेशी नागरिकांना भारतात येण्यासाठी व्हिसा लागतो. तरीही हाच प्रश्न गोव्यात वेगळ्या रूपाने उभा राहिला. हणजूण, हरमल अशा किनारी गावांत महिनोन्‌महिने राहणारे परदेशी मुदत संपत आली की नेपाळ किंवा श्रीलंकेत जात आणि नवा व्हिसा घेऊन परतत.

ऑक्टोबर २००९ मध्ये डेव्हिड हेडलीला शिकागोत अटक झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापूर्वी टेहळणीसाठी तो मुंबईत अनेकदा येऊन गेल्याचे उघड झाले. त्यासाठी त्याने ताडदेव येथे कार्यालयही थाटले होते आणि ते चक्क आप्रवासन सल्ल्याचे होते. त्यानंतर वर्षअखेरीस केंद्र सरकारने पर्यटक व्हिसावरील दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले. हेडली व्यवसाय व्हिसावर येत असे; नव्या नियमाचा फटका मात्र पर्यटकांना बसला. भारतातून नेपाळला जाऊन परतीचे विमान दिल्लीहून पकडणाऱ्या साध्या सहप्रवाशांचीही त्यात कोंडी झाली. टीकेनंतर २०१२ च्या अखेरीस काही देशांचे नागरिक वगळता ही अट मागे घेण्यात आली.

सध्या एक व पाच वर्षांच्या ई-पर्यटक व्हिसावर एका कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवसांपर्यंतच राहता येते. प्रवेश कितीही असोत, दिवसांची बेरीज केली जाते.