होमिओपॅथी : कायद्याची मान्यता आणि विज्ञानाची कसोटी

साबुदाण्याहून लहान, पांढऱ्या, गोड गोळ्यांची बाटली महाराष्ट्रातील असंख्य घरांत आढळते. ही औषधे फारशी महाग नसतात, मुले ती आनंदाने घेतात आणि डॉक्टर रुग्णाची हकिकत निवांतपणे ऐकून घेतात. साहजिकच या उपचारपद्धतीला मोठा लोकाश्रय लाभला आहे. परंतु लोकाश्रय, कायद्याची मान्यता आणि शास्त्रीय पुरावा या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. गावाच्या आरोग्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी त्यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

उगम आणि प्रसार

या पद्धतीचे जनक जर्मन वैद्य सॅम्युएल हानेमान (१७५५-१८४३) हे होत. हिवतापावर दिली जाणारी सिंकोनाची साल त्यांनी १७९० मध्ये स्वतः घेऊन पाहिली, तेव्हा हिवतापासारखीच लक्षणे जाणवल्याचे त्यांनी नोंदविले. निरोगी माणसात जी लक्षणे एखादे द्रव्य उत्पन्न करते, तीच लक्षणे असलेला रोग त्या द्रव्याने बरा होतो, असा सिद्धांत त्यांनी त्यावरून मांडला. त्या काळी शीर कापून रक्त काढणे, तीव्र रेचके देणे, पारा पाजणे असे अघोरी उपचार रूढ होते. त्यांच्या तुलनेत हानेमान यांचे सौम्य औषध निदान अपाय तरी करीत नसे.

भारतात या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार अग्रगण्य होते. विशेष असे की, ज्या संस्थेत पुढे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपले संशोधन केले, ती विज्ञानसंस्था १८७६ मध्ये याच डॉ. सरकारांनी स्थापन केली होती.

औषध कसे तयार होते?

मूळ अर्काचा एक भाग व द्रावकाचे नव्याण्णव भाग एकत्र करून ते मिश्रण जोराने हलवितात. त्यातील एक भाग घेऊन पुन्हा तीच क्रिया करतात. अशी क्रिया सहा वेळा केली की मूळ द्रव्याचे प्रमाण एक लक्ष कोटीत एक भाग इतके उरते. म्हणजे पाच कोटी लिटर पाण्याच्या तलावात एक थेंब टाकावा तसे. बारा वेळांनंतर मूळ द्रव्याचा एखादा रेणू तरी शिल्लक असेल किंवा नाही, अशी स्थिती येते. नेहमी दिली जाणारी औषधे तर अनेकदा तीस वेळा विरल केलेली असतात. त्यांत मूळ द्रव्य उरत नाही, असे रसायनशास्त्राचे गणित सांगते. द्रावकात द्रव्याची ‘स्मृती’ राहते, असा दावा केला जातो. परंतु तो स्वतंत्र प्रयोगांत टिकलेला नाही.

पुरावा काय सांगतो?

‘पण गुण येतो, त्याचे काय?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. सर्दी, अंगदुखी, त्वचेच्या काही तक्रारी आपोआप कमी होतात अथवा चढउतार दाखवितात. उपचार सुरू आहे या विश्वासानेही बरे वाटते. म्हणून खरे औषध व त्यासारखी दिसणारी निव्वळ साखरेची गोळी यांची तुलना करावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा अभ्यासांची छाननी करून २०१५ मध्ये निष्कर्ष काढला, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही आजाराबाबत आढळत नाही. फ्रान्सने २०२१ पासून या औषधांच्या खर्चाची सार्वजनिक विम्यातून होणारी भरपाई बंद केली.

भारतातील स्थान

भारताचे धोरण निराळे आहे. १९७३ मध्ये केंद्रीय कायद्याने या पद्धतीचे शिक्षण व नोंदणी यांचे नियमन सुरू झाले. २०१४ मध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय अस्तित्वात आले आणि २०२० च्या कायद्यान्वये राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाची तरतूद झाली. ही मान्यता व्यवसायाचे नियमन करते. औषधाचा गुण ती सिद्ध करीत नाही. मात्र ज्या भागांत डॉक्टरांची उणीव आहे, तेथे हे पदवीधर रुग्णांच्या जवळ असतात, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. गंभीर रुग्ण वेळीच ओळखून त्यांनी तो पुढे पाठविला, तर त्यांची मोठीच मदत होते.

दक्षता कोठे हवी?

खरा धोका गोळीत क्वचितच असतो. तो विलंबात असतो. क्षयरोग, हिवताप, एचआयव्ही, इन्फ्लुएंझा आणि बालकांचा अतिसार यांवर होमिओपॅथीचा उपचार करण्याविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच इशारा दिला होता. जुलाब होणाऱ्या बालकाला तातडीने जलसंजीवनी व झिंक मिळाले पाहिजे. क्षयरुग्णाने शासकीय केंद्रातून विनामूल्य मिळणारी औषधे मध्येच सोडता कामा नयेत. सर्पदंशाचा रुग्ण प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयातच न्यावयास हवा. मधुमेहाचे इन्शुलिन कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये, आणि लसीला गोळ्यांचा पर्याय नाही.

कोणत्या डॉक्टरकडे जावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. परंतु तो निर्णय माहितीवर आधारलेला असावा. ग्रामसभेत आणि शाळेच्या वर्गात ही माहिती साध्या शब्दांत सांगितली गेली, तर उपचाराविना वाया जाणारे मोलाचे तास वाचतील आणि त्यांबरोबर एखादे बालकही वाचेल.