काळ्या फत्तराच्या मुलखात सोन्याचा कण

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण अमरावती-अकोल्याच्या काळ्याभोर जमिनीला आणि तीत पिकणाऱ्या कापसाला उद्देशून रूढ झाली असून तिचा धातूच्या सोन्याशी संबंध नाही. इतकेच नव्हे, तर ज्या खडकाने या प्रदेशाला ती जमीन दिली, त्याच खडकामुळे येथील नद्यांच्या वाळूत सोने मिळण्याची आशा जवळजवळ संपते. परदेशातील नदीकाठी थाळी फिरवून सोने वेचणाऱ्या हौशी मंडळींची चित्रणे पाहून पूर्णेच्या किंवा मोर्णेच्या पात्रात तोच प्रयोग करावा असे कोणाला वाटल्यास, त्याने येथील भूशास्त्र आणि कायदा या दोन्ही गोष्टी आधी समजून घेणे आवश्यक आहे.

नदीतील सोने नदीत तयार होत नाही. प्राचीन खडकांतील गारगोटीच्या शिरांमध्ये ते अडकलेले असते आणि ऊन-पावसाने खडक झिजला की त्याचे कण ओढ्यानाल्यांतून वाहत येतात. गारगोटीची वाळू पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड, चुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइट हे काळे लोहखनिज सुमारे 5.2 पट, तर शुद्ध सोने 19.3 पट जड असल्यामुळे, जेथे प्रवाहाचा जोर मोडतो तेथे, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला किंवा खडकाच्या भेगेत, सोने तळाशी बसते. थाळीत हेच नैसर्गिक काम हाताने केले जाते: वाळू पाण्याखाली धरून प्रथम जोराने हलवायची, जेणेकरून जड कण खाली जातील, आणि मग थाळी किंचित तिरकी करून गोल फिरवत वरची हलकी वाळू थोडीथोडी सांडू द्यायची. शेवटी उरलेल्या चिमूटभर काळ्या वाळूच्या कडेला पिवळी रेघ दिसली, तर ते सोने असू शकते. नवख्याला फसवतात ते अभ्रक आणि पायराइट. मात्र अभ्रक पाण्याबरोबर सहज वाहून जाते, पायराइट ठोकले असता चुरा होते, आणि सोने ठोकले असता फक्त चपटे होते.

वऱ्हाडाचा बहुतेक भाग सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टने, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराने, व्यापलेला आहे, आणि या खडकात सोन्याचे प्रमाण टनामागे काही मिलिग्रॅम इतकेच असते. पूर्णेच्या खोऱ्यात तर या फत्तरावर गाळाचा जाड थर साचला असून त्याच थरात खारपाण (खाऱ्या पाण्याचा) पट्टा मोडतो. काटेपूर्णा, मोर्णा किंवा पेढी यांच्या वाळूत थाळी फिरवल्यास मॅग्नेटाइटची काळी वाळू भरपूर उरेल, अकीकाचे सुंदर खडेही मिळतील, पण पिवळी रेघ दिसण्याचा संभव नाही.

सोने धुण्याची परंपरा विदर्भाच्या पूर्वेला आहे, कारण तेथे फत्तराचे आवरण संपून प्राचीन खडक उघडे पडतात. नागपूर-भंडाऱ्याकडील साकोली पट्ट्याच्या खडकांत सोन्याचे अंश नोंदले गेले आहेत. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात बालाघाट, मंडला, चांदा आदी भागांतील नदीची वाळू धुऊन जगणाऱ्या ‘सोनझरा’ या लहानशा समाजाची नोंद आहे. दिवसभर पाण्यात उभे राहून मिळणाऱ्या मोजक्या कणांवर या लोकांचा संसार चालत असे, ही गोष्ट आज या कामाकडे छंद म्हणून पाहणाऱ्याने विसरू नये.

मराठी मुलखातील शहरांनी मात्र सोने धुणारा आपला वेगळा कारागीर घडवला, तो म्हणजे झारेकरी. सराफाच्या दुकानातील केर, भट्टीची राख आणि दुकानांपुढील गटारांतला गाळ गोळा करून तो पाण्यात धुतो आणि कानशीच्या घासणीतून उडालेले कण वेगळे काढतो. त्याचे शास्त्र नदीकाठच्या थाळीचेच आहे, फक्त त्याची खाण बाजारपेठेत असते. बारीक कण धरण्यासाठी पारा वापरून नंतर तो तापवून उडवण्याची जुनी रीत मात्र अत्यंत घातक आहे, कारण पाऱ्याची वाफ मेंदूवर आणि मूत्रपिंडावर आघात करते. ती कोणीही घरी करून पाहू नये.

कायद्याचा, म्हणजे परवान्याचा, प्रश्न तर भूशास्त्राहूनही स्पष्ट आहे. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, 1957 नुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेणे किंवा ते काढणे निषिद्ध असून कलम 21 खाली पाच वर्षांपर्यंत कारावास आणि हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2015 च्या दुरुस्तीनंतर सोन्यासारख्या खनिजांचे हक्क लिलावाने दिले जातात. 2023 च्या दुरुस्तीने आणलेला अन्वेषण परवाना एक हजार चौरस किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्रासाठी आहे. ही सारी रचना कंपन्यांसाठी आहे. एक थाळी आणि एक खोरे घेऊन निघालेल्या हौशी माणसासाठी तीत खिडकीच नाही. नुसती वाळू उचलण्यासाठीही महसूल खात्याची परवानगी लागते, आणि 1974 पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या मेळघाटात, सिपना-खापऱ्याच्या काठी, वनखात्याच्या अनुमतीशिवाय पाऊल टाकणेही नियमबाह्य आहे.

याउलट ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, खाणकामगारांच्या 1854 च्या उठावानंतर, 1855 साली सुरू झालेला ‘मायनर्स राइट’ हा अल्प शुल्काचा परवाना आजही सामान्य माणसाला मिळतो, आणि न्यूझीलंडमध्ये हाताच्या अवजारांनी सोने शोधण्यासाठी काही नदीकाठ मुद्दाम राखून ठेवले आहेत. यंत्र न लावणाऱ्या हौशी अभ्यासकासाठी भारतातही अशी मर्यादित सोय व्हायला हवी, कारण भूशास्त्राची गोडी हाताने वाळू चाळल्याशिवाय लागत नाही. तोवर जिज्ञासूंनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे खुले नकाशे अभ्यासावेत. आणि पात्रात पुरलेले जुने नाणे किंवा दागिना हाती लागला, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी.