माणसे वाढली, धूप घटली

माणसे वाढली की जमीन उजाड होते, हे समीकरण अनेकांनी गृहीतच धरलेले असते. केनियातल्या माचाकोस जिल्ह्याने ते उलटवले.

१९३० च्या दशकात तिथली लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास होती. उतारांवर घळी पडल्या होत्या, कुरणे बोडकी झाली होती. वसाहतीच्या अधिकाऱ्यांना या भागाचे भवितव्य अंधारात दिसत होते. १९९० पर्यंत लोकसंख्या सुमारे चौदा लाखांवर गेली. धूप मात्र कमी झाली, झाडे वाढली, दर चौरस किलोमीटरमागे उत्पन्नही वाढले.

हे कसे घडले, याचा छडा कोणत्याही एका शास्त्राला लागला नसता. मेरी टिफेन इतिहास आणि अर्थकारण जाणणाऱ्या, मायकेल मॉर्टिमोर भूगोलतज्ज्ञ, तर फ्रान्सिस गिचुकी शेती अभियंता. त्यांच्या चमूने जनगणनेचे आकडे, पावसाच्या नोंदी आणि बाजारभाव एकत्र मांडले, गावकऱ्यांशी संवाद साधला. १९३७ मधली छायाचित्रे घेऊन त्याच जागी पुन्हा फोटो काढले. १९९४ मध्ये त्यांचे पुस्तक आले.

उत्तर गुंतागुंतीचे निघाले. तिथल्या अकांबा समाजाच्या शेतकऱ्यांनी चर खणून माती वरच्या अंगाला टाकली, बांध घातले. त्यात बायकांच्या श्रमगटांचा वाटा मोठा होता. राबायला हात होते. भांडवल कॉफीतून आणि नैरोबीतल्या नोकऱ्यांतून आले.

टीकाकारांनी नेमके इथेच बोट ठेवले: नैरोबीसारखे शहर जवळ नसते तर? आणि सुबत्ता सगळ्यांच्या वाट्याला आली का? त्यामुळे माचाकोसचा दाखला दुसरीकडे लावताना आधी रस्ते, बाजार आणि जमिनीची मालकी तपासावी लागते.