बाळाला अंगावर पाजणे कशावर अवलंबून असते?

"हिला दूधच येत नाही," हे वाक्य बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास ऐकू येते. बहुधा ते भेटायला आलेले कोणीतरी म्हणते आणि आईला ते खरे वाटू लागते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळे जेमतेम ४२ टक्के होती. म्हणजे आई दवाखान्यात पोहोचते, पण बाळ वेळेवर छातीशी पोहोचत नाही. सिझेरियन हे त्याचे एक कारण. खरे तर पाठीत भूल दिलेली आई जागी असते आणि मदतीला कोणी असेल तर ती लवकर पाजू शकते. प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी हे बोलून ठेवा.

सुरुवातीचा पिवळसर चीक थोडाच असतो. बाळाचे पोटही इवलेसे असते, त्याला तो पुरतो. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते, सिझेरियननंतर कधी थोडे उशिरा. नेमक्या याच मधल्या काळात घरात पावडरचा डबा येतो. बाळ ओढते तसे दूध तयार होते; बाटलीने पोट भरलेले बाळ कमी ओढते आणि मग दूध खरोखरच कमी होते. मध, गुटी, पाणी यांनीही हेच होते, शिवाय जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पहिले सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही, उन्हाळ्यातही नाही.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचे वजन भरून आले असेल, तर दूध पुरते आहे. लघवी कमी, बाळ सुस्त, कावीळ वाढती असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पाजताना सतत दुखणे किंवा चिरा पडणे हे बहुतेकदा बाळाची पकड चुकल्याचे लक्षण आहे. पकड सुधारता येते, नर्सकडून समोर बसवून शिकून घ्या.

थायरॉईडचा आजार, प्रसूतीत झालेला जास्त रक्तस्राव, स्तनावरची शस्त्रक्रिया यांमुळे काही मातांना खरोखरच दूध कमी येते. त्यांना वरचे दूध द्यावे लागले तर त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

राहिली नोकरी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण धुणीभांडी करणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या आईला ती कुठून मिळणार? तिच्यासाठी घरच्यांची साथ हीच रजा. काढून ठेवलेले दूध स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात खोलीत सुमारे चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास टिकते. ते वाटी-चमच्याने आजी किंवा बाबाही पाजू शकतात. रात्री बाळाला उचलून आईजवळ देणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे ही कामे तर आजपासूनच वाटून घेता येतील.