छतातून वाहणारा गारवा

हैदराबादमधल्या आपल्या आवारात इन्फोसिसनं 2011 साली एक इमारत बांधली आणि तिचे मधोमध दोन भाग केले. ऊन तेच, काचा त्याच, कंप्युटरसमोर बसणारी माणसंही तशीच. एका अर्ध्या भागात नेहमीचं सेंट्रल एसी, डक्टमधून गार हवा सोडणारं. दुसऱ्या भागात स्लॅबच्या काँक्रीटमध्येच पाइपांचं जाळं पुरलं आणि त्यातून गार पाणी खेळवलं. शर्यत लुटुपुटूची नव्हती. पहिल्या बाजूचं एसीही चांगलं काटकसरी होतं. तरी दोन वर्षांच्या मोजणीत पाण्याच्या बाजूला थंडाव्यासाठी 34 टक्के कमी वीज लागली.

चौतीस! आणि गंमत म्हणजे उभारणीचा खर्चही जास्त आला नाही.

यामागचं गणित साधं आहे. एक लिटर हवेपेक्षा एक लिटर पाणी साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मोठमोठे पंखे जे काम धापा टाकत करतात, ते बोटभर जाडीच्या पाइपांतून एक पंप करतो. शिवाय अख्खं छतच गार असल्यामुळे पाणी बर्फगार लागत नाही. 15 अंशांच्या आसपास असलं तरी भागतं, त्यामुळे चिलरवरचा, म्हणजे गारवा तयार करणाऱ्या यंत्रावरचा, ताण कमी होतो. आपल्या अंगातली उष्णता थेट छताकडे जाते. वाऱ्याची झुळूक नाही, पण गार वाटतं.

मग सगळीकडे असं का करत नाहीत? कारण गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच दमट हवेत या छतालाही सुटेल, आणि टपटप फायलींवर पडेल. म्हणून आत येणारी ताजी हवा आधी कोरडी करावी लागते, खिडक्या बंद ठेवाव्या लागतात.

इथे माझं सगळ्यात लाडकं यंत्र येतं: मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेलं, ओल शोषणारा लेप दिलेलं एक मोठं चाक. त्याच्या एका अर्ध्यातून खोलीतली वापरलेली हवा बाहेर जाते, दुसऱ्यातून ताजी हवा आत येते, आणि चाक संथ फिरत राहतं. बाहेर 38 अंश, आत 24. चाकानं उष्णतेचा तीन चतुर्थांश फरक अडवला, तर ताजी हवा चिलरपर्यंत पोचते तेव्हा साडेसत्तावीस अंशांवर आलेली असते, बरीचशी ओल बाहेरच टाकून. खर्च फक्त चाक फिरवणाऱ्या छोट्या मोटारीचा आणि हवा त्यातून रेटायला पंख्यांना पडणाऱ्या थोड्या जादा कष्टाचा. दिल्लीच्या जानेवारीत हीटर लावलेल्या इमारतीत हेच चाक कुठलंही बटण न दाबता उलटं काम करतं: बाहेर निघालेली ऊब पकडून आत येणाऱ्या थंड हवेला देऊन टाकतं.