बसणारा भाग आणि जुळणारा भाग

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा राज्यातील अत्यंत विरळ वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. येथील झाडे मुख्यतः बांधावर, ओढ्याकाठी आणि गावठाणात आढळतात : बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ, चिंच. फांद्या छाटण्यासाठी किंवा वादळात आडवे झालेले झाड वाटेतून हलवण्यासाठी कुऱ्हाडीच्या जोडीला आता पेट्रोलवर चालणारी छोटी साखळी-करवत आली आहे. करवत जुनी झाली की मूळ कंपनीचे सुटे भाग मिळेनासे होतात आणि दुसऱ्या कंपनीचा भाग बसवून काम भागवले जाते. हा भाग बसतो कसा? आणि बसला म्हणजे जुळला, असे समजावे का? या प्रश्नांची उत्तरे मोजमापात आहेत. ती चुकली तर केवळ यंत्राचेच नव्हे, माणसाचेही नुकसान होते.

अळीकडून घेतलेला धडा

आजच्या साखळीची कल्पना 1946 साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला सुचली. लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी आपले दोन जबडे डावीउजवीकडे चालवत लाकूड कापते, हे त्याने पाहिले. त्यावरून त्याने एकाआड एक डावे-उजवे वाकडे दात असलेली साखळी बनवली. 1947 पासून तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे जगभर याच धर्तीच्या साखळ्या रूढ झाल्या, आणि म्हणून त्यांची मापेही ठरावीक राहिली.

तीन आकडे

साखळी निवडताना तीन आकडे पाहावे लागतात. पहिला आकडा अंतराचा. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतर मोजून त्याची निम्मी करायची. दोन रिव्हेटांमधील अंतर एकाआड एक कमी-जास्त असते, म्हणून ही युक्ती. छोट्या करवतींत हे माप बहुधा 3/8 इंच (9.525 मि.मी.) किंवा 0.325 इंच (8.255 मि.मी.) असते. दुसरा आकडा पट्टीच्या खाचेत फिरणाऱ्या चालक कडीच्या जाडीचा : 1.1, 1.3, 1.5 किंवा 1.6 मि.मी. तिसरा आकडा चालक कड्यांच्या संख्येचा. हे तिन्ही जुळले, तर साखळी कोणत्या कंपनीची आहे याला फारसे महत्त्व उरत नाही.

जाडीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. 1.5 मि.मी.ची कडी 1.3 मि.मी.च्या खाचेत शिरतच नाही. म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. उलट 1.3 ची कडी 1.5 च्या खाचेत सहज बसते, पण साखळी कलते, काप वाकडा जातो आणि पट्टी झिजते. न बसणारा भाग निरुपद्रवी असतो. जवळजवळ बसणारा भाग धोक्याचा.

धोका किती, याचा हिशेब करू. करवतीच्या दातेरी चाकाला 6 दाते आहेत असे समजा. प्रत्येक दात्यामागे एक चालक कडी पुढे सरकते आणि दोन चालक कड्यांमधील अंतर वरील मापाच्या दुप्पट असते. म्हणून एका फेरीत साखळी 6 × 2 × 9.525 = 114.3 मि.मी. सरकते. मिनिटाला 10,000 फेरे धरल्यास वेग सेकंदाला सुमारे 19 मीटर, म्हणजे ताशी जवळपास 69 किलोमीटर होतो!

इंजिनातील फसवी मापे

स्पार्क प्लगचा आटा बहुतेक जुन्या स्कूटरींत आणि करवतींत 14 मि.मी. व्यासाचाच असतो. परंतु आट्याची लांबी 9.5, 12.7 किंवा 19 मि.मी. अशी निरनिराळी असते. लांब प्लग आट्यात नीट फिरतो, पण आत पिस्टनवर आपटू शकतो. बाजारात 52 सी.सी. म्हणून मिळणाऱ्या स्वस्त करवतींचा पिस्टन साधारणपणे 45 मि.मी.चा, तर 58 सी.सी.वाल्यांचा 45.2 मि.मी.चा असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. मात्र पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मुळात मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते. तिथे 0.2 मि.मी. म्हणजे फार झाले. दाब गळतो आणि पिस्टन आदळू लागतो.

या द्विघाती इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच वंगण पुरवते. उत्पादकाने 1:50 प्रमाण सांगितले असेल, तर लिटरला 20 मि.ली. तेल लागते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या कार्ब्युरेटरमधील रबरी पडदा व नळ्या खराब करते. म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि रबरी भाग बदलताना इथेनॉल सोसणारे घ्यावेत.

धार आणि सुरक्षा

बाभळीचे लाकूड कठीण असल्याने धार लवकर जाते. 3/8 इंच छोट्या साखळीला सामान्यतः 4 मि.मी.ची, तर 0.325 इंच साखळीला 4.8 मि.मी.ची गोल कानस लागते. प्रत्येक दातापुढील उंचवटा काप किती खोल जावा हे ठरवतो. तो दातापेक्षा सुमारे 0.65 मि.मी. खाली असतो. जास्त कापावे म्हणून तो अधिक घासला, तर दात लाकडात रुततो आणि करवत माणसाच्या अंगावर उसळते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तरी हेच घडते. ज्या जुन्या करवतीला साखळी-ब्रेक नाही, किंवा इंजिन मंद असतानाही जिची साखळी फिरते, ती दुरुस्त झाल्याशिवाय वापरू नये. आंबा, चिंच यांसारखी झाडे तोडण्यास महाराष्ट्रात 1964 च्या कायद्यानुसार परवानगी लागते, हेही विसरू नये.

वर्गात करून पाहा

करवतीची साखळी वर्गात आणू नये, सायकलची पुरे. तिच्या दोन रिव्हेटांमधील अंतर सर्वत्र अर्धा इंच, म्हणजे 12.7 मि.मी. असते. विद्यार्थ्यांनी साखळी ताणून दहा अंतरे एकत्र मोजावीत. नवी साखळी 127 मि.मी. भरेल. जुनी सुमारे सव्वा मिलिमीटर जास्त भरली, तर रिव्हेटा झिजल्या असून साखळी बदलायला झाली. एकच अंतर न मोजता दहा का मोजायची, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा.