आजी राबते तेव्हा नातवाचं काम जातं का?

तंजावरहून पट्टुकोट्टैला जाताना ओरत्तनाडु लागतं. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी 1802 मध्ये मुक्तांबाळ या आपल्या प्रेयसीच्या नावाने इथे छत्र बांधलं. थकल्याभागल्या यात्रेकरूला तिथे जेवण मिळे, आजाऱ्याला औषधपाणी. आज या भागात कालव्याला पाणी येऊन भाताची लावणी सुरू झाली, की चिखलात वाकलेल्या बायकांमध्ये पांढऱ्या केसांच्याही दिसतात.

तमिळनाडूत 2011 मध्ये साठीपुढची माणसं शंभरात 10 होती. 2031 पर्यंत ती 18 होतील, असा सरकारी अंदाज आहे. ही सगळी राबत राहिली तर तरुणांनी काय करायचं? इथे अर्थशास्त्र आपल्याला चकित करतं. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांनी संपादित केलेला 12 देशांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्येष्ठ कामावर राहिल्याने तरुणांच्या नोकऱ्या गेल्या, असा पुरावा त्यात मिळाला नाही. कारण कमावणारी आजी खर्चही करते. तिची मजुरी चहाच्या टपरीवर, शिंप्याकडे, औषधाच्या दुकानात फिरते आणि तिथे कुणा तरुणाच्या हाताला काम मिळतं. गावातलं काम काही ठरावीक मापाचं नसतं!

कचेरीत मात्र ते मापाचं असतं. तमिळनाडू सरकारने निवृत्तीचं वय मे 2020 मध्ये 58 वरून 59 केलं, फेब्रुवारी 2021 मध्ये 60. कोविडकाळात तिजोरीवरचा ग्रॅच्युइटीचा भार पुढे गेला; पण मंजूर जागा तेवढ्याच, त्यामुळे परीक्षेची तयारी करणारी मुलं ताटकळली.

शेतमजूर बाईला निवृत्तीची तारीखच नसते. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने मजुराच्या वयाला वरची मर्यादा घातली नाही. तमिळ खेड्यांत ‘नूरु नाळ वेलै’ (शंभर दिवसांचं काम) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामांवर वयस्कर बायका मोठ्या संख्येने येत राहिल्या. त्यामुळे लावणीला माणसं मिळत नाहीत, अशी जमीनमालकांची तक्रार असते. मला त्यात म्हातारीच्या हाती आलेली, मजुरी ठरवून घेण्याची ताकद दिसते आणि तिचं मोल मोठं वाटतं.

तरी सगळ्यात नवलाची गोष्ट घराच्या आत घडते. आजी शेतावर गेली की नातवंडांपाशी सून अडकते. आजी घरी राहिली की सून बाहेर पडू शकते. आजीच्या त्या सांभाळण्याची राष्ट्रीय उत्पन्नात कुठेच नोंद नाही. तमिळनाडूची वृद्धापकाळ पेन्शन 2023 मध्ये महिना 1200 रुपये झाली. ती पुरेशी वाढली तर? दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल भागात कॅली आर्डिंग्टन, अ‍ॅन केस आणि व्हिक्टोरिया होसगुड यांनी हेच तपासलं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की घरातल्या वृद्धाला पेन्शन लागली की त्या घरातले तरुण कामासाठी बाहेरगावी जाण्याचं प्रमाण वाढतं: मुलं सांभाळायला आजी असते, आणि काम शोधायला निघालेल्याच्या खर्चाला तिचे पैसे.